मागच्या वेळी गर्भपात झालाय. या वेळी पहिली सोनोग्राफी कधी करायची?

पाळी चुकली, घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, की मागची खेप वाया गेलेली बाई त्याच आठवड्यात सोनोग्राफीला निघते. ही घाई कुणालाही समजेल अशी आहे. अडचण एवढीच, की पाचव्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी बहुतेक वेळा धीर देत नाही. "पिशवी दिसते, बाळ अजून दिसत नाही, दहा दिवसांनी या" असं ऐकून घरी यावं लागतं, आणि मग ते दहा दिवस जिवाला घोर. गर्भ ठणठणीत असला तरी पाचव्या आठवड्यात उत्तर तेवढंच मिळतं, कारण बघण्यासारखं अजून काही तयारच झालेलं नसतं.

म्हणून नंबर लावायच्या आधी डॉक्टरांशी आणि नवऱ्याशी एवढं बोलून घ्या: या तपासणीतून आपल्याला काय कळायला हवंय, आणि ते कळल्यावर आपण वेगळं काय करणार आहोत? सुरुवातीच्या सोनोग्राफीतून तीन गोष्टी कळतात. गर्भ गर्भाशयातच आहे का, ठोके आहेत का, आणि दिवस किती भरलेत. या तपासणीने गर्भ टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. ते सोनोग्राफी लवकर करून थांबत नाहीत, आणि जिना चढल्याने, दुचाकीवर बसल्याने किंवा पपई खाल्ल्याने होतही नाहीत. एकदा गर्भपात झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण ऐंशी जणींची पुढची खेप नीट पुढे जाते, हेही घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

आधी एकच गर्भपात झालेला आहे, आत्ता दुखत नाही, अंगावरून रक्त जात नाही, तर पहिल्या सोनोग्राफीची योग्य वेळ म्हणजे सात आठवडे पूर्ण झाल्यावर, आठवा संपायच्या आत.

सातच का? आतून, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या तपासणीत गर्भाची पिशवी साडेचार ते पाच आठवड्यांना दिसू लागते. साडेपाचच्या आसपास तिच्यात यॉल्क सॅकचं, म्हणजे सुरुवातीला गर्भाला पोसणाऱ्या छोट्या पिशवीचं, गोल कडं दिसतं. सहाव्या आठवड्याच्या आगेमागे इवलासा गर्भ आणि ठोके दिसतात. पोटावरून तपासलं तर हेच सगळं साधारण आठवडाभर उशिरा दिसतं. त्यात बीज बाहेर पडायला चार-पाच दिवस उशीर होणं अगदी नेहमीचं. सहा आठवडे गाठून गेलात आणि बीज पाच दिवस उशिरा सुटलेलं असलं, तर ठोके नसणार, आणि ते नसणं नैसर्गिकच असणार. सात पूर्ण झाल्यावर गर्भ साधारण एक सेंटिमीटरचा होतो. तेव्हा पाच दिवसांची चूक पोटात घेऊनही ठोके दिसतात.

ज्यांनी सातव्या आठवड्याची वाट बघायची नाही

आधी गर्भ नळीत राहिला होता, नळीवर शस्त्रक्रिया झाली आहे, तांबी असताना दिवस गेलेत किंवा टेस्ट ट्यूबच्या उपचारातून गर्भ राहिलाय, तर साडेपाच ते सहा आठवड्यांना पहिली तपासणी करा. ठोके दिसले नाहीत तरी चालेल, तेव्हा फक्त जागा बघायची असते. नळीतला गर्भ एकदा झालेल्या दहांपैकी साधारण एकीला तो पुन्हा नळीत राहतो, म्हणून ही काळजी. आधी सिझेरियन झालेल्यांनी सहा ते सात आठवड्यांत करून घ्या. गर्भ जुन्या टाक्यांच्या व्रणावर रुजलेला नाही ना, हे त्या वेळी सगळ्यात स्पष्ट दिसतं, पुढे पिशवी मोठी झाली की जागा ओळखणं अवघड जातं. मागच्या वेळी 'मोल', म्हणजे द्राक्षासारखा गर्भ, झाला असेल तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास. आणि रक्त गोठण्याच्या दोषासाठी, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसाठी, ज्यांना हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, सांगून ठेवलं आहे त्यांनी सोनोग्राफीची वाटच बघायची नाही. पट्टी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एका बाजूला ओटीपोटात सतत दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, शौचाला बसल्यावर खाली खूप दाब जाणवणं, यातलं काहीही झालं तर आठवडे मोजत बसू नका. रक्त थोडंच जात असलं तरीही. नळी फुटली तर रक्त आत पोटात साठतं, बाहेर दिसत नाही. १०८ला फोन करा किंवा जवळच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. कोल्हापुरात सीपीआरचा, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचा, अपघात विभाग रात्रीही चालू असतो. पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि दुसऱ्या तासालाही तेच, तर तेव्हाही असंच करा.

आठवडे मोजताना

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, संबंध आलेल्या दिवसापासून नाही. समजा पाळी १ जूनला आली. सात आठवडे पूर्ण होतात २० जुलैला. ही मोजणी २८ दिवसांच्या पाळीची. तुमची पाळी नेहमी ४० दिवसांनी येत असेल तर बीज साधारण १२ दिवस उशिरा सुटतं, म्हणून हीच तारीख १ ऑगस्टवर जाते. पाळी अनियमित असलेल्या कितीतरी जणींना "वाढ मागे आहे" असं उगाच ऐकावं लागतं, ते केवळ या साध्या हिशेबापायी. चिठ्ठीवर पाळी किती दिवसांनी येते तेही लिहून घ्या. संगणक सगळ्यांची पाळी २८ दिवसांचीच धरतो.

गर्भपातानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस गेले असतील तर मोजायला तारीखच नसते. शिवाय गर्भपातानंतर बीटा एचसीजी, म्हणजे पट्टीवर दोन रेघा आणणारं गरोदरपणाचं संप्रेरक, रक्तातून पूर्ण जायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्या काळात पट्टीवर दोन रेघा आल्या तर ती नवी खेप आहे की जुनीचाच अंश राहिला आहे, हे नुसत्या पट्टीवरून सांगता येत नाही. अशा वेळी ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासा. आकडा वाढतोय की उतरतोय, त्यावरून पुढचं ठरतं.

मागची फाईल काढा

हे काम घरी बसून करायचं आहे, आणि बहुतेक जणी नेमकं हेच सोडून देतात. मागचा सोनोग्राफी रिपोर्ट काढा आणि त्यात 'सीआरएल' शोधा. सीआरएल म्हणजे गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, मिलिमीटरमध्ये. "माझं दहाव्या आठवड्यात गेलं" असं आपण म्हणतो, पण दहावा हा कळल्याचा आठवडा. वाढ कधी थांबली ते सीआरएल सांगतं. सात आठवड्यांना साधारण १० मिमी, आठला १६, नऊला २३. रिपोर्टात सीआरएल ९ मिमी लिहिलं असेल तर गर्भ सातव्या आठवड्याच्या आसपासच थांबला होता, पुढचे तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता.

याचा उपयोग असा, की या वेळी दहावा आठवडा उलटेपर्यंत श्वास रोखून बसायची गरज नाही. आठव्या आठवड्यात ठोके दिसले की तुम्ही मागच्या टप्प्याच्या पुढे आलेला असता. रिपोर्टात नुसती रिकामी पिशवी असेल, गर्भच नसेल, तर ठोक्यांसह गर्भ दिसला त्याच क्षणी तुम्ही पुढे आलात. त्याच फाईलमध्ये रक्तगटही बघा. निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डीचं (आईच्या रक्तात पुढच्या गर्भाला घातक प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) इंजेक्शन दिलं होतं का, ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

चिठ्ठी, फॉर्म आणि प्रवास

गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यामुळे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावाच लागतो, मग ती सहाव्या आठवड्याची का असेना, जेव्हा लिंग कळणं शक्यच नसतं. मुलींची संख्या घटल्यावर सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, बसवायचा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच झाला होता. इथली सेंटर कागदपत्रांबाबत काटेकोर आहेत ती उगाच नाहीत. बाईचं स्वतःचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र घ्या. नवऱ्याचं चालणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, "आम्ही आपले बघायला आलोय" म्हणून कुणी तपासत नाही. फॉर्मवर कारणांची यादी छापलेली असते. गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर ते बघणं आणि तो जिवंत आहे याची खात्री करणं, हे तिथलं पहिलंच कारण. चिठ्ठीवर ते कारण, शेवटच्या पाळीची तारीख आणि 'आधी गर्भपात' एवढं लिहिलेलं असलं की काउंटरवर अडत नाही. आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, हेही विचारतील. सगळ्यांनाच विचारतात, मनाला लावून घेऊ नका. लिंग जाणून घ्यायचं नाही, या मजकुराखाली सही तुमची असते. वाचून करा.

खर्च परवडत नसेल तर सीपीआरमध्ये सकाळी केसपेपर काढून स्त्रीरोग विभागात दाखवा. गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम (इंदिरा गांधी) रुग्णालय, कोल्हापूर शहरातलं महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय, इथेही चौकशी करा. जायच्या आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी विचारा: सोनोग्राफीचे डॉक्टर उद्या आहेत का, आणि आतून तपासणी होते का. आशाताईंना सांगितलंत तर त्या बहुतेक वेळा हे विचारून देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. पहिल्या सोनोग्राफीसाठी तिच्यावर विसंबू नका.

जुलै-ऑगस्टात तारीख येत असेल तर रस्त्याचाही विचार करा. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला पाणी आलं की पलीकडची गावं तुटतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की कोल्हापुरात यायचे बरेच रस्ते एकामागून एक बंद होतात. सात ते आठ या आठवड्याभरातला सुरुवातीचाच दिवस धरा, म्हणजे पाऊस लागला तरी हाताशी चार दिवस उरतात. दुखत असेल किंवा आधी नळीतला गर्भ झालेला असेल, तर पाणी चढायच्या आधीच शहरातल्या नातेवाइकांकडे येऊन राहणं शहाणपणाचं. काही घरांत अमावास्या टाळतात. टाळा, पण एक दिवसाने. त्यापायी आठवडा घालवू नका.

आतून तपासणी

"आतून नको, धक्का लागेल," असं सासूबाई म्हणतील, कधी आईसुद्धा म्हणेल. त्यांना हे सांगा: प्रोब, म्हणजे तपासणीचा दांडा, योनिमार्गातच थांबतो, गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जात नाही. त्याने गर्भपात होत नाही. तपासणीनंतर थोडा डाग दिसला तर तो सहसा गर्भाशयाच्या तोंडावरच्या नाजूक त्वचेचा असतो. आणि रक्तस्राव आधीपासून चालू असला तरीही ही तपासणी करता येते. आठव्या आठवड्याच्या आत पोटावरून धूसर दिसलं, की "बाळ दिसत नाही" असा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यापायी पुन्हा यावं लागतं. पोट सुटलेलं असेल किंवा गर्भाशय मागे झुकलेलं असेल तर हे जास्तच होतं.

आतून तपासायचं असेल तर लघवी करून जायचं. पोटावरून असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी थांबवायची. कोणती होणार ते आधी विचारा. लघवी तुंबवून दोन तास बसायचं आणि मग "आतून करू, जाऊन या" ऐकायचं, हे टाळता येतं. साडी किंवा सलवार-कमीज सोयीची पडते. प्रोबवर नवं कव्हर घालतात, ते तुमच्यासमोर घालायला सांगितलं तर कुणी रागवत नाही. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. खोलीत बाई मदतनीस हवी, हा तुमचा हक्क आहे. नवऱ्याला आत घेतात का, तेही आधीच विचारा, कारण काही सेंटर घेत नाहीत.

आडवं व्हायच्या आधीच डॉक्टरांना एक वाक्य सांगा: "मागच्या वेळी ठोके बंद झाले होते, आधी ठोके बघा आणि दिसलं ते लगेच सांगा." किंवा "आधी सगळं मोजून घ्या, मग बोला." तुम्हाला काय झेपतं ते तुम्हीच ठरवा. मात्र सांगून ठेवा, नाहीतर ती पाच मिनिटांची शांतता फार जड जाते. ठोके ऐकवा असा आग्रह इतक्या लवकर धरू नका. आवाज डॉपलरने ऐकू येतो आणि त्यात यंत्राची शक्ती जास्त लागते. या वयात ठोके पडद्यावर एम-मोडच्या रेषेने मोजतात, तेवढं पुरतं.

रिपोर्ट वाचताना

समजा शेवटची पाळी १ जूनची आणि तुम्ही १४ जुलैला, म्हणजे सहा आठवडे एक दिवसाला, तपासून घेतलंत. रिपोर्टात लिहिलंय: 'सिंगल इंट्रायूटेराइन जेस्टेशनल सॅक, एमएसडी १७ मिमी, यॉल्क सॅक दिसते, सीआरएल ३ मिमी, कार्डिअ‍ॅक अ‍ॅक्टिव्हिटी दिसत नाही.' शेवटचे शब्द, म्हणजे ठोके दिसत नाहीत, हे वाचून घरात रडारड सुरू होते. पण हा रिपोर्ट गर्भपाताचा नाही. गर्भ गर्भाशयात आहे, ही मोठी चांगली बातमी पहिल्याच ओळीत आहे. उरलेल्याचा अर्थ एवढाच, की अजून सांगता येत नाही.

"आता ठोके येणार नाहीत" असं म्हणायला कडक मोजमापं ठरलेली आहेत. आतून केलेल्या तपासणीत सीआरएल ७ मिमी किंवा जास्त आणि ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास, म्हणजे एमएसडी, २५ मिमी किंवा जास्त आणि आत गर्भ नाही, तरच. पूर्वी हेच आकडे ५ आणि १६ मिमी धरायचे. दोन डॉक्टरांच्या मोजमापात एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि त्या फरकात जिवंत गर्भही मोडीत निघू शकतो, हे लक्षात आल्यावर मर्यादा वर नेली. वरच्या उदाहरणात ३ आणि १७, दोन्ही खालीच आहेत.

मग निदान सात दिवस थांबून पुन्हा आतूनच, शक्यतो त्याच सेंटरमध्ये. म्हणजे २१ जुलै किंवा नंतर. गर्भ या काळात रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे आठवड्याने ३चे १० व्हायला हवेत आणि ठोके दिसायला हवेत. तिसऱ्या दिवशी जाऊन काही हाती लागत नाही, तेवढी वाढ मोजमापाच्या चुकीतच विरते. पहिली तपासणी पोटावरून झालेली असेल तर चौदा दिवस थांबा, किंवा लगेच आतून करून घ्या. आणखी एक कसोटी आहे: यॉल्क सॅकसह पिशवी दिसल्यावर ११ दिवसांनीही ठोक्यांसह गर्भ नसेल, किंवा यॉल्क सॅक नसलेली पिशवी दिसल्यावर दोन आठवड्यांनीही नसेल, तर ती खेप थांबलेली आहे.

ठोके दिसले तर किती ते बघा. सहाव्या आठवड्यात मिनिटाला १००च्या आसपास असले तरी ठीक, नवव्यापर्यंत ते १६०-१७०पर्यंत चढतात. ९०च्या खाली असतील तर आठवड्याने पुन्हा बघायचं, त्याच दिवशी काही ठरवायचं नाही. बीजकोशात दोन-तीन सेंटिमीटरची 'कॉर्पस ल्युटियम सिस्ट' लिहिलेली असेल तर घाबरू नका. बीज तिथूनच सुटलं, आणि सुरुवातीला गर्भाला लागणारं प्रोजेस्टेरॉन तिथूनच येतं. 'सबकोरिऑनिक हिमॅटोमा' म्हणजे पिशवीच्या कडेला साठलेलं रक्त. छोटं असेल तर बहुतेक वेळा आपोआप जिरतं, पण पुढच्या तपासणीत त्याचं माप पुन्हा घ्यायला सांगा.

सोनोग्राफीत अजून काहीच दिसत नाही, तेव्हा रक्तातल्या बीटा एचसीजीचा उपयोग होतो. एक आकडा निरुपयोगी, ४८ तासांनी दुसरा हवा, आणि तोही त्याच लॅबमधून. "दुप्पट व्हायलाच पाहिजे" ही समजूत चुकीची आहे. सुरुवातीचा आकडा १५००च्या खाली असेल तर ४८ तासांत निम्म्याने वाढ झाली तरी ती निरोगी गर्भात दिसू शकते. उलट वाढ चांगली असली म्हणून गर्भ नळीत नाही असंही ठरत नाही. आणि ठोके एकदा दिसले की ही तपासणी बंद करा, नंतरचे आकडे फक्त झोप उडवतात.

डाग दिसला तर

पहिली सोनोग्राफी लवकर करायचं हे एक ठोस कारण आहे, कारण इथे उपचार खरोखर बदलतो. आधी गर्भपात झालेला आहे, आत्ता रक्त जातंय आणि गर्भ गर्भाशयात असल्याचं सोनोग्राफीत दिसलंय, अशा बाईला योनिमार्गातून प्रोजेस्टेरॉन, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, द्यावं असं ब्रिटनची मार्गदर्शक सूचना सांगते. पुढे ठोके दिसले तर ते सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायचं. ही सूचना आली ती २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, चार हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीवरून. तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांना फायदा सगळ्यात जास्त दिसला. रक्तस्राव नसताना सरसकट घेतल्याने फायदा दिसलेला नाही. तुमच्या डॉक्टरांनी रक्तस्राव नसताना इंजेक्शनं लिहून दिली असतील तर "हे कशासाठी आणि किती आठवडे?" एवढं जरूर विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो याला आधार नाही. जड उचलणं थांबवा, बाकी घरात वावरा. अनेक दिवस पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो.

किती वेळा करायची

आमचं मत असं: सातव्या-आठव्या आठवड्यात एक, मग ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली एनटी स्कॅन, म्हणजे गर्भाच्या मानेमागच्या थराची जाडी मोजणारी सोनोग्राफी. मधे एखादी हवी वाटली तर मागच्या फाईलमध्ये जिथे वाढ थांबली होती तो टप्पा ओलांडल्यावर एक. १ जूनच्या पाळीला एनटी १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबरच्या दरम्यान बसते. दर आठवड्याला करून गर्भाला इजा होते असं नाही. पण तपासणीचा धीर दोन-तीन दिवसच पुरतो, मग पुढच्या तारखेची वाट बघणं सुरू होतं, आणि एखादं मोजमाप दोन दिवस मागे निघालं की पुन्हा जीव टांगणीला. आठव्या आठवड्यात, रक्तस्राव नसताना, ठोके नीट दिसले की पुढचा धोका बराच उतरलेला असतो. तिथून एनटीपर्यंत धीर धरता आला तर धरा. नाही धरवला तर मधली एक करून घ्या, त्यात कमीपणा नाही. मळमळ कमी झाली, छाती दुखायची थांबली, एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका. ही लक्षणं निरोगी खेपेतही कमी-जास्त होत राहतात.

वाढ थांबली असेल तर

वरच्या कसोट्या पुऱ्या होऊन निदान पक्कं झालं तरी त्याच दुपारी गर्भाशय साफ करायची घाई नसते, जोवर जोरात रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव नाही. कसोटी पूर्ण झालेली नसताना "उद्याच क्युरेटिंग करून टाकू" असं कुणी म्हणालं तर सीआरएल आणि एमएसडी किती ते विचारा आणि दुसऱ्या सेंटरमध्ये पुन्हा बघून घ्या. पक्कं झाल्यावर तीन मार्ग आहेत: आपोआप पडायची वाट बघणं, गोळ्या, किंवा सक्शनने गर्भाशय रिकामं करणं. गर्भाशय खरवडण्यापेक्षा सक्शनने आतल्या अस्तराला इजा कमी होते, म्हणून कोणत्या पद्धतीने करणार ते विचारा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल त्याच भेटीत विचारा, ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

हा दुसरा गर्भपात असेल तर निघालेल्या गर्भाच्या ऊतीची गुणसूत्र तपासणी करायची का, ते साफ करायच्या आधी ठरवा. त्यासाठी नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावा लागतो. ऑपरेशन थिएटरात सवयीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, आणि मग ही तपासणी नीट होऊ शकत नाही. थिएटरात नेण्यापूर्वी सिस्टरना आणि डॉक्टरांना, दोघांनाही, "सलाइनमध्ये ठेवा" असं सांगा, आणि नमुना लॅबमध्ये कोण नेणार ते नवऱ्याकडे किंवा भावाकडे सोपवा. दोन गर्भपातांनंतर थायरॉइड, गर्भाशयात पडदा आहे का यासाठी थ्रीडी सोनोग्राफी आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज, या तपासण्या विचारून करून घ्या. अँटिबॉडीज एकदा पॉझिटिव्ह आल्या तर तेवढ्यावर निदान होत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं, त्यामुळे ती तारीख फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.